भांडण परवडतं का? सोनपंखी सूर्यपक्ष्याचा जमाखर्च

दर हिवाळ्यात कुठल्या ना कुठल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच व्हिडिओ येतो. जास्वंदीच्या फुलाला लटकलेला एक इवलासा चकाकता पक्षी आणि खाली ओळ: 'आमच्या बाल्कनीत हमिंगबर्ड!' हमिंगबर्ड रानात सापडतो तो फक्त अमेरिकेच्या दोन खंडांत आणि आसपासच्या बेटांवर. आपल्याकडे येतो तो शिंजीर, म्हणजेच सूर्यपक्षी. हमिंगबर्डचे जवळचे नातेवाईक म्हणजे पाकोळ्या. शिंजीर मात्र चिमण्या-बुलबुलांच्या गणातला. दोघंही फुलांतला मध पिऊन जगतात, म्हणून आकार, चोच आणि झळाळी यांत सारखेपणा आला, एवढंच.

शिंजिराबद्दलचा एक प्रश्न मात्र खरोखर कोड्यात टाकणारा आहे. बागेत शंभर फुलं असताना हा एवढासा जीव दुसऱ्या शिंजिराच्या मागे जिवाच्या आकांतानं का लागतो? त्याला एकट्याला एवढी फुलं पुरून उरणार असतात. मग ही मारामारी कशासाठी?

या प्रश्नाचं आकड्यांत मांडलेलं सगळ्यात गाजलेलं उत्तर पूर्व आफ्रिकेतल्या एका सूर्यपक्ष्यानं दिलं. सूर्यपक्ष्यांच्या सुमारे दीडशे जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक आफ्रिकेत राहतात. मराठीत या जातीला रूढ नाव नाही. पंखांच्या सोनपिवळ्या कडांवरून आपण त्याला सोनपंखी म्हणू.

सोनपंखी दिसतो कसा

केनिया, युगांडा, टांझानिया आणि काँगोचा पूर्व भाग इथल्या उंच, थंड डोंगराळ मुलखात हा राहतो. विणीच्या हंगामात नराचं डोकं आणि पाठ तांबूस सोनेरी, धातूसारखी लखलखते. शेपटीची मधली दोन पिसं लांबच लांब वाढतात. पंखांवर आणि शेपटीवर पिवळ्याधमक कडा. हंगाम सरला की अंगावरची झळाळी जाऊन नर मळकट काळा होतो, पण पिवळ्या कडा तशाच राहतात. मादी वरून हिरवट तपकिरी असते, पिवळ्या कडा मात्र तिलाही असतात. त्यामुळे दुर्बीण लावणाऱ्याला ओळख पटवायला ही खूण वर्षभर पुरते.

नराची झळाळी आणि पंखांचा पिवळा हे दोन वेगळे प्रकार आहेत. पिवळा हा साधा रंग, पिसातल्या रंगद्रव्याचा. झळाळी मात्र पिसाच्या बारीक तंतूंमध्ये थरांनी रचलेल्या सूक्ष्म कणांवरून प्रकाश परततो त्यामुळे दिसते. म्हणून पक्षी जरा वळला की तेच सोनेरी पीस काळं वाटतं. आपल्या जांभळ्या शिंजिराचे बरेच फोटो काळेच का येतात, त्याचंही कारण हेच.

सोनपंखीची खरी ओळख मात्र त्याची चोच. बहुतेक सूर्यपक्ष्यांची चोच थोडी वाकडी असते, याची अगदी विळ्यासारखी. १८८४ मध्ये या पक्ष्याचं शास्त्रीय वर्णन झालं तेव्हा त्याला दिलेल्या ग्रीक नावातही विळा आला तो यामुळेच.

हे फूल आपल्या ओळखीचं आहे

गोष्ट घडते केनियातल्या नैवाशा सरोवराच्या परिसरात. नैरोबीच्या वायव्येला, समुद्रसपाटीपासून सुमारे १,८९० मीटर उंचीवर. आज हे नाव फुलांच्या व्यापारात सगळ्यांना ठाऊक आहे, कारण युरोपात विकले जाणारे केनियाचे गुलाब मोठ्या प्रमाणावर याच सरोवराकाठच्या ग्रीनहाऊसमधून जातात. सोनपंखीला गुलाबाशी काही देणंघेणं नाही. तो इथे ज्या झाडावर जीव टाकतो ते झाड महाराष्ट्रात पावसाळ्यानंतर गावाबाहेरच्या पडीक जागेत, रस्त्याच्या कडेला, ढिगाऱ्यांवर माजलेलं दिसतं: दीपमाळ. माणसाच्या उंचीचा सरळसोट दांडा, त्यावर ठरावीक अंतरानं काटेरी गोल चेंडू आणि चेंडूतून चहूबाजूंनी बाहेर आलेली केशरी, लवदार, नळीसारखी फुलं.

सोनपंखी दांड्याला पकडून बसतो आणि चेंडूभोवती सरकत एकेका नळीत चोच खुपसतो. नळी वाकडी, चोचही वाकडी. फुलाचा वरचा ओठ टोपीसारखा पुढे आलेला असतो आणि पुंकेसर त्याच्या खाली दडलेले असतात. चोच आत गेली की ते नेमके पक्ष्याच्या कपाळावर घासतात. दिवसभर दीपमाळेवर असलेल्या पक्ष्याच्या कपाळावर परागांचा मळवट भरलेला असतो. फुलाला हेच हवं असतं, मध ही त्याची मजुरी.

ही मजुरी फार थोडी असते. एका फुलात एक, दोन, फार तर काही मायक्रोलिटर. मायक्रोलिटर म्हणजे मिलिलिटरचा हजारावा भाग. फूल एकदा रिकामं झालं की पुन्हा भरायला वेळ लागतो. कुणी येऊन प्यायलं आहे की नाही हे बाहेरून दिसत नाही. त्यामुळे खुल्या ताटव्यावरचा पक्षी कित्येकदा रिकाम्या फुलात चोच घालून फुकटची खेप मारतो.

राखणदार ठेवायचा की नाही?

कोकणात हापूसची बाग असलेल्या माणसापुढे दरवर्षी एक प्रश्न असतो: राखणदार ठेवावा का? राखणदाराचा पगार द्यायचा, त्याच्या राहण्याची सोय करायची. त्या बदल्यात वानरांनी आणि चोरांनी नेला असता तो आंबा वाचतो. वाचलेल्या आंब्याची किंमत पगाराहून जास्त असेल तर राखणदार परवडला, नाहीतर नाही. बागेत आंबा किती आहे हा प्रश्नच नाही. राखण केल्यामुळे किती *जास्त* हाती येतो, हा आहे.

१९६४ मध्ये जेरम ब्राउन या अमेरिकी पक्षीशास्त्रज्ञानं हाच विचार पक्ष्यांच्या हद्दींना, म्हणजे पक्षी इतरांना हाकलून राखतो त्या जागांना, लावला. त्यापूर्वी हद्दीसाठी भांडणं हा पक्ष्यांचा स्वभाव मानून लोक पुढे जात. ब्राउन यांचं म्हणणं असं की हद्द राखण्याला खर्च आहे, वेळ आणि ताकद जाते. राखण परवडत असेल तिथेच ती टिकेल. कल्पना उत्तम होती. प्रत्यक्ष रानात कुणीतरी दोन्ही बाजूंचे आकडे काढायला हवे होते.

ते काम फ्रँक गिल आणि लॅरी वुल्फ या संशोधकांनी नैवाशाला केलं आणि १९७५ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यांनी निवडलेले पक्षी विणीच्या हंगामातले नव्हते, ही त्यातली हुशारी. विणीच्या काळात नर भांडतो तेव्हा ते फुलांसाठी, जोडीदारासाठी की घरट्यासाठी, हे वेगळं काढणं कठीण असतं. विणीबाहेरच्या पक्ष्याच्या हद्दीत फक्त अन्न असतं, त्यामुळे हिशेब स्वच्छ.

त्यांना एक गोष्ट लगेच दिसली. हद्दींचं क्षेत्रफळ वाट्टेल तसं बदलत होतं, लहानात लहान आणि मोठ्यात मोठ्या हद्दीत शेकडो पटींचा फरक. पण हद्दीतली फुलं मोजली तर ती साधारण १,६०० च्या आसपास. म्हणजे पक्षी जमीन राखत नव्हता, एका दिवसाचं पोट राखत होता.

खर्चाची बाजू

आता थोडी आकडेमोड. भीती नको, बेरीज-वजाबाकी आणि गुणाकार एवढंच आहे. मात्र एक खुलासा आधी. बिस्किटाच्या पुड्यावर किंवा डाएटच्या तक्त्यात आपण ज्याला कॅलरी म्हणतो ती खरं तर किलोकॅलरी असते. इथल्या कॅलरी लहान, म्हणजे पुड्यावरच्या कॅलरीच्या हजाराव्या भागाएवढ्या.

सोनपंखी फांदीवर नुसता बसून राहिला तर तासाला सुमारे ४०० कॅलरी जाळतो. फुलाफुलांवर मध गोळा करताना सुमारे १,०००. आणि घुसखोराचा पाठलाग करताना सुमारे ३,०००. पाठलाग हा बसण्यापेक्षा साडेसात पट महाग आहे.

हद्दीचा मालक दिवसातून किती वेळ भांडतो? सरासरी ०.२८ तास, म्हणजे जवळपास १७ मिनिटं. ही १७ मिनिटं तो बसून राहिला असता तरी थोडा खर्च झालाच असता, म्हणून भांडणाचा जादा खर्च तासाला ३,००० उणे ४००, म्हणजे २,६०० कॅलरी. त्याला ०.२८ नं गुणलं की येतात ७२८ कॅलरी. हा झाला राखणदाराचा पगार.

जमेची बाजू

राखलेल्या फुलांत मध जास्त असतो, कारण मधल्या वेळात दुसरं कुणी ती रिकामी केलेली नसतात. पण मध जास्त मिळाल्याचा फायदा मोजायचा कसा? गिल आणि वुल्फ यांनी तो वेळेत मोजला. दिवसाची गरज भागवायला पक्ष्याला फुलांवर किती तास घालवावे लागतात?

फुलात सरासरी १ मायक्रोलिटर मध असेल तर ८ तास. २ असेल तर ४ तास. ३ असेल तर २.७ तास.

समजा, राखण केल्यामुळे सरासरी २ वरून ३ वर गेली. पक्ष्याचे १.३ तास वाचले. त्या वेळात तो फुलांवर राबण्याऐवजी बसून राहतो, म्हणजे तासाला १,००० ऐवजी ४०० कॅलरी. तासामागे ६०० वाचतात, १.३ तासांत ७८०.

जमा ७८०, खर्च ७२८. शिल्लक ५२ कॅलरी.

पुड्यावरच्या भाषेत सांगायचं तर एका कॅलरीच्या विसाव्या भागाएवढी. एवढ्यासाठी तो इतका जीव आटवतो? हो, कारण हा हिशेब रोजचा आहे आणि पंधराएक ग्रॅम वजनाच्या पक्ष्याजवळ साठवण फारशी नसते.

खरा मुद्दा: मध भरपूर झाला तर काय?

५२ हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा असला तरी या अभ्यासातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तो नव्हे. वरचे तास पुन्हा पाहा. १ वरून २ वर गेलं तर चार तास वाचतात. २ वरून ३ वर गेलं तर सव्वा तासाच्या आसपास. आणि आधीच ४ मायक्रोलिटर असताना राखण करून ६ केलं तर? ४ असताना काम २ तासांत होतं, ६ असताना सुमारे १.३ तासांत. वाचली अवघी ४० मिनिटं, म्हणजे ४०० कॅलरी. राखणीचा खर्च तोच ७२८. भांडणारा पक्षी इथे ३२८ कॅलरींनी तोट्यात.

म्हणजे फुलं मधानं ओसंडत असताना भांडण हा शुद्ध घाट्याचा धंदा. वाढीव मध दोन मायक्रोलिटर होता, आधीच्या उदाहरणापेक्षा दुप्पट, तरी तोटा. थेंबाचं मोल तुमच्याकडे आधी किती थेंब आहेत यावर ठरतं. आंबा अमाप पिकून भाव पडलेल्या वर्षी राखणदार परवडत नाही, तसंच.

दुसऱ्या टोकालाही गणित बिघडतं, पण वेगळ्या कारणानं. फुलं फारच विरळ असतील तर पोटापुरती १,६०० फुलं गोळा करायला प्रचंड मोठी हद्द लागते. तिच्या एका टोकाला पक्षी मध पीत असताना दुसऱ्या टोकाला घुसखोर डल्ला मारतो. १७ मिनिटांत हद्द राखून होत नाही, पाठलाग लांबतात आणि खर्च हाताबाहेर जातो.

म्हणून भांडण मधल्या पट्ट्यात परवडतं: अन्न फार कमी नको, फार जास्तही नको. पुढच्याच वर्षी, १९७६ मध्ये, लिन कार्पेंटर आणि रिचर्ड मॅकमिलन यांनी हवाई बेटांवरच्या इइवी नावाच्या लाल, वाकड्या चोचीच्या मधपित्या पक्ष्यावर हीच कसोटी लावली. इइवी सूर्यपक्ष्यांच्या कुळातला नाही. तरीही फुलं अगदी कमी असताना तो हद्द राखत नव्हता आणि भरपूर असतानाही नाही. मधल्या पट्ट्यात राखत होता.

पण पक्ष्याला हिशेब येतो कुठे?

हा आक्षेप प्रत्येक व्याख्यानात येतो आणि रास्त आहे. उत्तर: येत नाही, आणि यायची गरजही नाही. ज्या पक्ष्यांच्या वागण्यातून थोडी शिल्लक पडली त्यांची पिल्लं जास्त जगली, त्यांचं वागणं पुढे आलं. हिशेब नैसर्गिक निवडीनं केला. पक्ष्याच्या डोक्यात उतरले ते ढोबळ नियम: फुलं रिकामी लागायला लागली की चिडचिड कर, पोट भरलं असेल तर जाऊ दे, जवळ आलेल्याला हाकल.

नियम ढोबळ आहेत याचा पुरावा आपल्या पार्किंगमध्येच मिळतो. जांभळ्या शिंजिराचा नर गाडीच्या आरशावर तास-तास चोच आपटत असतो. ते भांडण बहुतेकदा विणीच्या काळातलं, म्हणजे मधाचं नव्हे, हे खरं. पण आरशातला पक्षी कधीच पळून जात नाही, त्यामुळे 'समोर नर दिसला की हाकल' हा नियम संपतच नाही. हिशेब जमणारा जीव दुसऱ्या मिनिटाला थांबला असता. (आरशावर कापडी पिशवी चढवा, शिंजिराची सुटका होते.)

अर्थात नियम अगदीच आंधळेही नसतात. कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा डोंगरांत स्थलांतरात थांबलेल्या तांबूस हमिंगबर्डांच्या आवडत्या बसण्याच्या फांद्यांच्या जागी कार्पेंटर आणि सहकाऱ्यांनी तराजूला जोडलेल्या दांड्या लावल्या. पक्षी बसला की वजन कळायचं. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात दिसलं की पक्षी दिवसागणिक हद्द लहान-मोठी करत राहतो आणि वजन सगळ्यात वेगानं वाढेल अशा आकारावर येऊन स्थिरावतो. चुकत, सुधारत.

जास्तीत जास्त कमावणं हेच ध्येय असतं ना?

हमिंगबर्डचं होतं, कारण त्याला पुढचा लांबचा पल्ला गाठायला चरबी हवी होती. सोनपंखीचं काय? १९७९ मध्ये ग्रॅहम पाइक यांनी गिल-वुल्फ यांचेच आकडे घेऊन वेगवेगळ्या शक्यता तपासल्या: पक्षी निव्वळ कमाई वाढवतो, बसून राहण्याचा वेळ वाढवतो, की रोजचा एकूण खर्च कमीत कमी ठेवतो? प्रत्यक्ष हद्दींच्या आकाराशी आणि दिनक्रमाशी सगळ्यात चांगला मेळ बसला तो शेवटच्या शक्यतेचा. विणीबाहेर जादा कमाई ठेवायची कुठे? अंगावर चरबी चढली तर उडणंच महाग होणार. त्यामुळे काटकसर हेच धोरण. मला स्वतःला हा निष्कर्ष ५२ कॅलरींपेक्षा जास्त आवडतो, कारण 'निसर्गात प्रत्येक जण ओरबाडायलाच बसलेला असतो' या आपल्या लाडक्या समजुतीला तो छेद देतो.

५२ कॅलरींवर विश्वास ठेवावा का?

शब्दशः नको. पक्ष्यांच्या अंगावर मीटर नव्हते. खर्चाचे तासाचे दर हे अंदाज आहेत. पाठलागाच्या खर्चात दहा टक्के इकडे-तिकडे झालं तरी शिल्लक पुसली जाते. शिवाय प्रत्येक सकाळ सारखी नसते: एखाद्या दिवशी घुसखोर जास्त, एखाद्या दिवशी फुलं कमी उमललेली. अभ्यासाची ताकद आकड्याच्या नेमकेपणात नाही. राखण कधी परवडेल आणि कधी नाही, हे आधी सांगता येतं आणि मग रानात जाऊन पडताळता येतं, ही ती ताकद. इइवीवरची पडताळणी म्हणून महत्त्वाची.

फुलांच्या बाजूनंही एक कोपरा उरतो. मालक दिवसभर आपल्याच ताटव्यात फिरत राहिला तर पराग तिथल्या तिथेच फिरतात. पराग दूरच्या झाडांपर्यंत न्यायला हाकलले गेलेले घुसखोर कामी येतात. भांडखोर मालक फुलांना फारसा सोयीचा नसावा, असं म्हणायला जागा आहे.

मग बाल्कनीत गोड पाणी टांगावं का?

अलीकडे साखरपाण्याचे लाल फीडर ऑनलाइन सर्रास मिळतात. वरचं गणित इथे थेट लागू पडतं. एका जागी, सतत भरलेलं, छोट्या घेरातलं अन्न म्हणजे राखायला सगळ्यात स्वस्त हद्द. अमेरिकेत हमिंगबर्डांना फीडर लावणाऱ्यांचा अनुभव तोच आहे: एक दांडगा नर फीडर ताब्यात घेतो आणि बाकीच्यांना फिरकू देत नाही. तिथे सल्ला दिला जातो की फीडर एकमेकांच्या नजरेआड, पांगवून लावा, म्हणजे एकाला सगळे राखणं परवडत नाही.

आपल्याकडे त्याहून सोपं म्हणजे झाडं. जास्वंद कुंडीत येते. सोसायटीच्या कुंपणाला पांगारा लावता येतो. दीपमाळ तर लावावीही लागत नाही, फक्त पावसाळ्यानंतर 'तण काढा' मोहीम निघाली की तिचा एखादा कोपरा वाचवायचा. फुलांबरोबर किडे-कोळीही येतात आणि तेही हवेतच, कारण शिंजीर पिल्लांना वाढवतो ते मुख्यतः त्यांच्यावर. साखरपाण्यात प्रथिनं नसतात.